एकाच माणसाची तपासणी किती वेळा?

टेक्सासमधल्या ह्यूस्टन बंदराच्या जहाजमार्गालगत तेलाच्या टाक्या, रसायनांचे कारखाने आणि धक्के मैलोन्मैल पसरलेले आहेत. तिथून पेट्रोलचा टँकर भरून नेणाऱ्या चालकाकडे अवजड वाहनाचा परवाना असतोच, पण तेवढ्यावर भागत नाही. त्या परवान्यावर घातक माल वाहण्याची वेगळी नोंद लागते. तिला तिथले चालक ‘हॅझमॅट’ म्हणतात. बंदराच्या सुरक्षित आवारात सोबतीशिवाय जायचे असेल तर ‘ट्विक’ नावाचे आणखी एक ओळखपत्र लागते. दोन्हींसाठी दहाही बोटांचे ठसे द्यावे लागतात, दोन्ही वेळा ते एफबीआयच्या नोंदींशी ताडून पाहिले जातात आणि दोन्ही अर्जांवर एकच सरकारी संस्था निर्णय देते. कोणत्या गुन्ह्यामुळे माणूस अपात्र ठरतो याची यादीही जवळपास एकच. तरी अर्ज दोन, शुल्क दोन आणि मुदती दोन. 2024 च्या सुमाराच्या दरांनी ट्विकसाठी 125.25 डॉलर आणि हॅझमॅटच्या तपासणीसाठी 86.50 डॉलर मोजावे लागत. राज्याचे परवाना शुल्क आणि बुडालेली मजुरी वेगळी.

अमेरिकेत वाहतूक कामगारांच्या सुरक्षा तपासणीचे आधुनिकीकरण करणारा कायदा हवा, अशी मागणी गेली काही वर्षे होत आहे. तिच्या मुळाशी हा टँकरचालक आणि त्याच्यासारखे लाखो कामगार आहेत. ट्विक बाळगणारेच वीस लाखांहून अधिक आहेत. ही व्यवस्था कशी उभी राहिली, तिच्यात कुठे गुंता झाला, नवे विधेयक काय सोडवू पाहते आणि काय तसेच ठेवते, हे नीट पाहण्यासारखे आहे. आपले खलाशी त्या बंदरांत जातात आणि आपल्याकडेही अशीच ओळखपत्रे आता वाढत आहेत, म्हणून तर अधिकच.

तीन कायदे, तीन वाटा

11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यानंतर अमेरिकी काँग्रेसने घाईने कायदे केले. 26 ऑक्टोबर 2001 रोजी पॅट्रियट ॲक्ट आला आणि त्याच्या कलम 1012 ने घातक माल वाहणाऱ्या चालकांची पूर्वपडताळणी बंधनकारक केली. 19 नोव्हेंबर 2001 च्या विमानवाहतूक सुरक्षा कायद्याने ट्रान्सपोर्टेशन सिक्युरिटी ॲडमिनिस्ट्रेशन, म्हणजे टीएसए, ही संस्था जन्माला घातली. वर्षभराने, 25 नोव्हेंबर 2002 रोजी, सागरी वाहतूक सुरक्षा कायदा झाला आणि बंदरांत व जहाजांवर काम करणाऱ्यांसाठी जैवमापन असलेले ओळखपत्र हवे असे ठरले. तेच पुढे ट्विक झाले.

प्रत्येक कायद्यामागची भीती खरी होती. 1993 मध्ये न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या तळघरात व्हॅनमधून बॉम्ब नेला गेला होता. 1995 मध्ये ओक्लाहोमा सिटीत खत आणि इंधन भरलेल्या ट्रकच्या स्फोटात 168 माणसे मेली होती. ट्रक हेही शस्त्र होऊ शकते, हे अमेरिकेने विमानांच्या आधीच पाहिले होते. पण प्रत्येक भीतीला वेगळा कायदा मिळाला, प्रत्येक कायद्यातून वेगळा कार्यक्रम निघाला आणि प्रत्येक कार्यक्रमाने आपापली खिडकी उघडली. विमानतळावरच्या कामगाराची वाट तर आणखी निराळी. त्याचा बिल्ला विमानतळच देतो आणि तो त्याच विमानतळापुरता चालतो.

ट्विक प्रत्यक्षात यायला बराच वेळ लागला. 2006 च्या सुरुवातीला दुबईच्या डीपी वर्ल्ड कंपनीने ब्रिटिश पी अँड ओ कंपनी विकत घेतली आणि तिच्यासोबत काही अमेरिकी बंदरांतले कामकाज दुबईच्या हाती जाणार, यावरून वॉशिंग्टनमध्ये वादळ उठले. त्याच सौद्यात आपल्या न्हावा शेवाचे पी अँड ओने उभारलेले खासगी टर्मिनलही डीपी वर्ल्डकडे गेले. इथे त्यावर फारसा गहजब झाला नाही. अमेरिकेत मात्र कंपनीला तिथले टर्मिनल विकून टाकावे लागले. बंदरांच्या सुरक्षेचा प्रश्न असा ऐरणीवर आला आणि 13 ऑक्टोबर 2006 रोजी ‘सेफ पोर्ट ॲक्ट’ झाला. त्याने ट्विकसाठी मुदती घालून दिल्या. ऑक्टोबर 2007 मध्ये डेलावेअर राज्यातल्या विल्मिंग्टन बंदरात पहिली नोंदणी झाली. सप्टेंबर 2008 ची अंतिम तारीख पुढे ढकलून 15 एप्रिल 2009 करण्यात आली आणि त्या दिवसापासून देशभर कार्डाशिवाय सोबतीविना प्रवेश बंद झाला.

या सगळ्यात एक गोष्ट वेळीच कळली होती. एप्रिल 2007 मध्ये, म्हणजे पहिले कार्ड निघण्याच्याही आधी, अमेरिकी काँग्रेसच्या हिशेब-तपासणी कार्यालयाने (जीएओ) एकाच माणसाची त्याच प्रकारची चौकशी पुन्हापुन्हा होण्याच्या प्रश्नावर स्वतंत्र अहवाल दिला. आजचे विधेयक त्याच दुखण्यावर बोट ठेवते. रोग कळून दीड दशकाहून अधिक काळ लोटला, हेच या प्रश्नातले सर्वात खटकणारे सत्य आहे.

सवलत आहे, पण

टीएसएने यावर काहीच केले नाही असे मात्र नाही. ज्याच्याकडे हॅझमॅटची तपासणी झालेली आहे त्याला ट्विक कमी शुल्कात मिळते. बराच काळ हा दर 125.25 ऐवजी 105.25 डॉलर होता. जुनी तपासणी ग्राह्य धरली जाते. पण अशा सवलतीच्या कार्डाची मुदत आधीच्या तपासणीच्या तारखेपासून मोजली जाते. समजा तीन वर्षांपूर्वी हॅझमॅट घेतलेल्या चालकाने आज सवलतीचे ट्विक काढले, तर ते दोनच वर्षे चालते. वीस डॉलर वाचवायचे आणि तीन वर्षांची मुदत गमवायची, हा हिशेब कुणालाही परवडत नसे. म्हणून बरेच जण मुकाट्याने पूर्ण पैसे भरून पुन्हा ठसे देत.

2018 मध्ये टीएसएच्या आधुनिकीकरणाचा कायदा झाला. वैध ट्विक असलेल्या माणसाला वेगळी तपासणी न करता हॅझमॅट देता यावे, अशी वाट त्यात काढली होती. पण चालकाचा परवाना राज्य देते, त्यामुळे प्रत्येक राज्याच्या परवाना कार्यालयाने आपली संगणक यंत्रणा आणि आपले नियम बदलल्याखेरीज ती वाट खुली होत नाही. परिणामी ही सोय चालकाला मिळते की नाही हे तो कोणत्या राज्यात राहतो यावर अवलंबून राहिले.

काही बाबतींत खरोखर सुधारणा झाली. सुरुवातीला नोंदणीसाठी एक खेप आणि कार्ड घ्यायला दुसरी खेप, अशा दोन फेऱ्या माराव्या लागत. काँग्रेसने 2012 मध्ये कान टोचल्यावर 2014 पासून कार्ड टपालाने घरी येऊ लागले. ऑगस्ट 2022 पासून बहुतेकांना ट्विकचे नूतनीकरण घरबसल्या करता येते. कोविडच्या काळात, 2020 मध्ये, संपत आलेल्या कार्डांना 180 दिवसांची मुदतवाढ दिली गेली. मनात आणले तर यंत्रणा वाकू शकते, हे त्यातून दिसते.

विधेयक काय म्हणते

2023 मध्ये लुइझियानाचे प्रतिनिधी गॅरेट ग्रेव्हज यांनी प्रतिनिधीगृहात ‘ट्रान्सपोर्टेशन सिक्युरिटी स्क्रीनिंग मॉडर्नायझेशन ॲक्ट’ मांडला. मार्च 2024 मध्ये मिसिसिपीचे रॉजर विकर यांनी सिनेटमध्ये त्याचे जोड विधेयक आणले. दोघेही रिपब्लिकन आणि दोघांचीही राज्ये मिसिसिपी नदी व मेक्सिकोच्या आखाताकाठची, म्हणजे बंदरे, तेल आणि बार्ज वाहतुकीवर जगणारी. अमेरिकन ट्रकिंग असोसिएशन्स ही मालवाहतूकदारांची मोठी संघटना विधेयकाच्या मागे उभी राहिली.

विधेयकाचा गाभा सोपा आहे. टीएसएने एकदा तपासलेला माणूस तिच्याच दुसऱ्या कार्यक्रमासाठी पुन्हा तपासू नये. एकदाच केलेल्या अर्जावर आणि नोंदणीवर ट्विक, हॅझमॅट आणि विमानतळावरच्या जलद रांगेची ‘प्रीचेक’ सुविधा, यांपैकी ज्याला जे हवे ते मिळावे. मुदती एकमेकींशी जुळाव्यात. दुहेरी शुल्क जावे. वैध ट्विक असलेल्याला हॅझमॅट देण्याचा मार्ग राज्यांनाही मोकळा असावा. तपासणीचे निकष यात कुठेही सैल होत नाहीत. अपात्रतेची यादी तशीच राहते, दहशतवाद्यांच्या यादीशी पडताळणी तशीच राहते. जाते ती फक्त पुनरावृत्ती.

माझ्या मते ही मागणी रास्त आहे आणि तिला विरोध करण्यासारखे सुरक्षेच्या बाजूने काहीही नाही. त्याच माणसाचे तेच ठसे त्याच एफबीआयकडे दुसऱ्यांदा पाठवल्याने देश कणभरही अधिक सुरक्षित होत नाही. सरकारच्या दोन दप्तरांना एकमेकांशी बोलता येत नाही, याचा दंड मात्र चालक भरतो. मोठी कंपनी हा खर्च उचलते. स्वतःचा एकच ट्रक असलेल्या चालकाला एक दिवसाची खेप सोडून नोंदणी केंद्र गाठावे लागते आणि ग्रामीण भागात ते केंद्र शे-दोनशे मैलांवरही असू शकते.

कुणाला दार बंद

शुल्कापेक्षा खोल प्रश्न आहे तो नकाराचा. हेरगिरी, देशद्रोह, दहशतवाद, खून, स्फोटकांचे गुन्हे यांसाठी माणूस कायमचा अपात्र ठरतो. त्यांतल्या काहींना मात्र विशेष सूट मागता येते. अमली पदार्थांची विक्री, दरोडा, लाचखोरी, तस्करी, फसवणूक अशा गुन्ह्यांत शिक्षा ठरून सात वर्षे किंवा तुरुंगातून सुटून पाच वर्षे झाली नसतील तर अर्ज फेटाळला जातो. त्यावर अपील करता येते, सूट मागता येते, शेवटी प्रशासकीय न्यायाधीशापुढे जाता येते. ही तरतूद महत्त्वाची आहे, कारण तुरुंगातून सुटलेल्या माणसाला गोदी आणि ट्रक हीच बहुधा पहिली प्रामाणिक नोकरी मिळते.

पण ज्या नोंदींवर निर्णय होतो त्याच अपुऱ्या आहेत. अमेरिकी न्याय खात्याच्याच 2006 च्या अहवालानुसार एफबीआयकडच्या अटकेच्या नोंदींपैकी सुमारे निम्म्यांत खटल्याचे पुढे काय झाले याचा उल्लेख नव्हता. माणूस निर्दोष सुटला तरी दप्तरात तो अटक झालेलाच राहतो. मग कोर्टाचे जुने कागद शोधून आणायची जबाबदारी त्याच्यावर येते. नॅशनल एम्प्लॉयमेंट लॉ प्रोजेक्ट या कामगार हक्क संस्थेने 2009 मध्ये बंदर कामगारांच्या अशा प्रकरणांचा आढावा घेतला होता. निर्णयाची वाट पाहत कामगार महिनोन्महिने बिनपगारी बसले आणि त्यात कृष्णवर्णीय व लॅटिनो कामगारांना जास्त झळ बसली, असे त्यात दिसले.

एकत्रीकरणाच्या उत्साहात ही बाजू मागे पडते. आज ट्विक नाकारले गेले तरी हॅझमॅटचा अर्ज वेगळा असतो. उद्या एकच तपासणी सगळीकडे चालणार असेल तर एकच चूकही सगळीकडे चालेल. एका चुकीच्या नोंदीने माणसाची सगळी दारे एकाच दिवशी बंद होतील. म्हणून एकच तपासणी हवी असेल तर अपिलाचा निकाल ठरावीक दिवसांत लागलाच पाहिजे आणि अपुरी नोंद पुरी करण्याचे काम सरकारने स्वतःच्या अंगावर घेतले पाहिजे. नव्या विधेयकाची धाव मुख्यतः शुल्क आणि पुनरावृत्तीपर्यंतच आहे, ही त्याची मर्यादा.

फाटकावरचे सत्य

दुसरी मर्यादा फाटकावर दिसते. ट्विकच्या आत चिप आहे, तिच्यात ठशांचा नमुना साठवलेला आहे. कल्पना अशी की फाटकावर कार्ड वाचकयंत्राला लावायचे, बोट ठेवायचे आणि कार्डधारक तोच आहे याची खात्री करायची. बहुतेक ठिकाणी प्रत्यक्षात काय होते? पहारेकरी फोटो पाहतो, मुदत पाहतो आणि हात हलवून आत सोडतो. लाखोंच्या ठशांसाठी पैसे घेऊन बनवलेले कार्ड साध्या फोटोपत्रासारखे वापरले जाते.

2011 मध्ये जीएओच्या गुप्त तपासनिसांनी ही व्यवस्था उघडी पाडली. त्यांनी बनावट कार्डे वापरून आणि खोटी माहिती देऊन मिळवलेली खरी कार्डे दाखवून बंदरांत प्रवेश मिळवला. 2013 मध्ये त्याच कार्यालयाने वाचकयंत्रांच्या प्रायोगिक चाचणीचे निष्कर्ष भरवशाचे नाहीत असे सांगितले. कोस्ट गार्डने ऑगस्ट 2016 मध्ये अधिक धोक्याच्या ठिकाणी वाचकयंत्रे सक्तीची करणारा नियम काढला. 2018 मध्ये काँग्रेसनेच त्याला रोखले आणि आधी ट्विकच्या उपयुक्ततेचे मूल्यमापन करा म्हटले. 2020 मध्ये त्या मूल्यमापनाचा, रँड या संस्थेच्या संशोधकांचा, अहवाल आला. नियमाचा काही भाग लागू झाला, पण घातक मालाच्या काही प्रकारच्या आवारांसाठी तारीख पुन्हापुन्हा पुढे गेली. आता ती 2029 वर जाऊन थांबली आहे.

यंत्रे बसवली तरी एक अडचण उरते, ती हातांची. साखळदंड, दोर, ग्रीस आणि रसायनांत आयुष्य गेलेल्या माणसाच्या बोटांवरच्या रेषा झिजतात. यंत्राला ठसा ओळखता येत नाही. महाराष्ट्रात रेशन दुकानातल्या यंत्रासमोर शेतमजूर बाईने चार-चार वेळा बोट पुसून ठेवूनही धान्य न मिळाल्याचे आपण पाहिले आहे. काम जितके राबणुकीचे तितका ठसा पुसट. जैवमापनावर उभ्या असलेल्या कोणत्याही कायद्याने ठसा न जुळणाऱ्या माणसासाठी दुसरा सन्मानाचा मार्ग आधीच लिहून ठेवला पाहिजे.

आणि कार्ड काय रोखू शकते याचे भानही हवे. 1993 आणि 1995 चे हल्लेखोर भाड्याची वाहने घेऊन आले होते. त्यांना ना हॅझमॅट लागले ना ट्विक. होमलँड सिक्युरिटी खात्याच्या महानिरीक्षकांनी 2016 मध्ये ट्विकच्या पूर्वपडताळणीत त्रुटी दाखवल्या. कार्ड दिल्यानंतरच्या पाच वर्षांत माणसाने गुन्हा केला तर तो नियमितपणे कळण्याची सोयही तेव्हा पुरेशी नव्हती. दर पाच वर्षांनी पुन्हा ठसे घेण्यापेक्षा एकदा घेतलेल्या ठशांवर नव्या नोंदींची सूचना सतत मिळत राहणे सुरक्षेच्या दृष्टीने अधिक उपयोगाचे आहे. विमानतळांच्या बाबतीत एफबीआयची अशी सेवा 2016 पासून वापरली जाऊ लागली. नव्या कायद्याने पैसा आणि लक्ष इकडे वळवले तर कामगाराचा त्रासही वाचेल आणि देशही खरोखर सुरक्षित होईल.

आपले खलाशी आणि आपले फाटक

कोकण, गोवा आणि मुंबईच्या खलाशी घरांना ही फाटके परकी नाहीत. परदेशी खलाशाला सामान्यतः ट्विक मिळत नाही. महिनाभर समुद्रात काढून जहाज अमेरिकी धक्क्याला लागते, पण धक्क्यापासून रस्त्यापर्यंतचे आवार ओलांडायला ट्विकवाली सोबत लागते. काही टर्मिनल त्यासाठी शेकडो डॉलर मागत, काही साफ नाही म्हणत. 2010 च्या कोस्ट गार्ड कायद्याने खलाशांना विनाशुल्क ये-जा करू द्या असे सांगितले, पण त्याचा अंतिम नियम निघायला एप्रिल 2019 उजाडले. मार्च 2024 मध्ये बाल्टिमोरचा पूल पाडणाऱ्या ‘डाली’ जहाजावर एकवीस जणांपैकी वीस भारतीय होते. चौकशी सुरू होती आणि किनाऱ्यावर उतरण्याची कागदपत्रे नव्हती, म्हणून ते कित्येक आठवडे त्याच जहाजावर अडकून राहिले. खलाशासाठी कागद म्हणजे काय, हे जगाला त्या दिवसांत दिसले.

याबाबत भारताने एक चांगले पाऊल उचलले आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 2003 च्या खलाशी ओळखपत्र कराराला भारताने 2015 मध्ये मान्यता दिली आणि 2019 मध्ये चेहऱ्याच्या जैवमापनाचे खलाशी ओळखपत्र काढले. ठशांऐवजी चेहरा घेतल्याने झिजलेल्या बोटांचा प्रश्न मिटला. त्याच्या केंद्रांत मुंबई आणि गोवाही आहेत. अमेरिकेने त्या कराराला आजवर मान्यता दिलेली नाही.

देशातल्या बाकी वाहतूक कामगारांबाबत मात्र आपण सुरुवातीच्या टप्प्यावर आहोत. विमानतळावरच्या कामगाराला नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्युरोचे प्रवेशपत्र लागते. बंदराचा पास वेगळा. घातक मालाचा टँकर चालवणाऱ्याला मोटार वाहन नियमांनुसार खास प्रशिक्षण आणि परवान्यावर नोंद लागते. 2019 च्या दुरुस्तीने तिची मुदत एक वर्षावरून तीन वर्षे झाली. इथे भर प्रशिक्षणावर आहे आणि ते योग्यच आहे, कारण आपल्या घाटांत टँकर उलटून होणारे मृत्यू अननुभवाने, थकव्याने आणि वेगाने होतात. उद्या इथेही पूर्वपडताळणीची सक्ती येईल. तेव्हा प्रत्येक खात्याने आपली खिडकी उघडण्याआधी अमेरिकेची ही वीस वर्षे नजरेखालून घालावीत.

एका माणसाची तपासणी एकदा नीट व्हावी, ती पुढे सरकारनेच अद्ययावत ठेवावी, तिचा निकाल सर्व फाटकांवर चालावा, नकार मिळालेल्याला ठरावीक दिवसांत दाद मिळावी आणि सरकारी दप्तरांतल्या विसंवादाचा खर्च कामगाराच्या खिशातून जाऊ नये. अमेरिकी विधेयक यांतल्या पहिल्या आणि तिसऱ्या अपेक्षेजवळ पोचते, खर्चाच्या अपेक्षेलाही बऱ्याच अंशी हात घालते. उरलेल्या दोन पुऱ्या होईपर्यंत त्याला आधुनिकीकरण म्हणता येईल, न्याय म्हणता येणार नाही.